परदेशात राहून कोकणातलं जुनं घर घेणं आणि दुरुस्त करणं, सगळं नीट समजून घेऊया

मस्कत, दुबई, लंडन, कॅनडा, कुठेही असलेली आपली माणसं मे महिन्यात गावी येतात आणि परत जाताना डोक्यात एकच विषय असतो, इथे एखादं जुनं कौलारू घर घेऊया का. स्वतःचं मूळ घर भावकीत अडकलेलं असतं नाहीतर पडून गेलेलं असतं, आणि शेजारच्या वाडीत एखादं चिरेबंदी घर कुलूप लावून उभं दिसतं, पुढे पडवी आणि ओटी, आत माजघर, वर माळा, मागीलदारी न्हाणी आणि विहीर, आणि किंमत ऐकली तर मुंबईतल्या वन बीएचकेपुढे काहीच नाही. मग फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, घरातले हो म्हणतात आणि विमानात बसायच्या आधी टोकन दिलं जातं.

टोकन द्यायच्या आधी दोन गोष्टी नीट कळायला हव्यात, एक म्हणजे या घरावर सह्या कोणाकोणाच्या लागणार, आणि दुसरी म्हणजे या घरात पाणी कुठून शिरतंय. बाकी सगळं, रंग, फरशी, मॉड्युलर किचन, हे नंतरचं आहे आणि ते पैशाने होतं. या दोन गोष्टी नुसत्या पैशाने होत नाहीत, वेळ आणि माणसं लागतात, म्हणून जास्त त्यांच्याबद्दलच लिहितोय.

सगळ्यात आधी कायदा, कारण परदेशात राहणाऱ्यांसाठी तो वेगळा आहे आणि गावात एजंट लोक हे सांगत नाहीत. परकीय चलनाचा जो कायदा आहे, फेमा, त्याच्या नियमांप्रमाणे एनआरआय किंवा ओसीआय कार्डवाल्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या) माणसाला भारतात घर, फ्लॅट, दुकान विकत घेता येतं, पण शेतजमीन, बागायत मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही शेतजमीन घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येते, म्हणजे वडिलांच्या नावची आंब्याची कलमं वडिलांच्या मागे तुमच्या नावावर होऊ शकतात, तुम्ही टोरांटोत राहत असलात तरी. हा नियम महाराष्ट्राच्या नियमापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आहे, त्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे बरेच जण म्हणतात की माझ्याकडे शेतकरी दाखला आहे, मला काय अडचण. अडचण आहे. तुम्ही शेतकरी असलात तरी परदेशात राहत असताना शेतजमीन खरेदी करणं फेमात बसत नाही, दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असतात.

आता कोकणात हे एवढं महत्त्वाचं का, तर इथली घरं दाटीवाटीने एका गावठाणात नसतात. वाड्या विखुरलेल्या, प्रत्येक घर आपल्या आगरात किंवा भाटलीत, म्हणजे स्वतःच्या लागवडीच्या जमिनीत, आणि त्यामुळे घर शंभर वर्षं जुनं असलं तरी सातबाऱ्यावर ती जमीन अजून शेतजमीनच असते. म्हणजे तुम्हाला वाटतं आपण घर घेतोय आणि खरेदीखतात मात्र शेतजमीन विकत घेतली जाते. यावर मार्ग आहे, घराखालचा आणि भोवतालचा भाग मोजणी करून वेगळा काढायचा आणि त्याचा रहिवासी बिनशेती वापर कागदावर आणायचा, आणि हे विकणाऱ्याने खरेदीच्या आधी करायचं असतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर जमीन महसूल संहितेत त्यासाठी सोपी तरतूद आहे, रूपांतरण कर भरून काम होतं. जमीन गावठाणातच असेल तर आणखी सोपं, तिथे स्वामित्व योजनेत, जी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देतायत, तुमच्या गावाचं झालंय का ते विचारून घ्या.

आता सातबारा हातात घ्या, ऑनलाइन महाभूलेखवर दिसतो, आणि शांतपणे वाचा. पहिलं बघायचं भूधारणा पद्धती. भोगवटादार वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल तर विकायला सरकारी परवानगी लागते, कुळाला मिळालेल्या जमिनीवर कूळकायद्याच्या कलम ४३ ची अट असते, त्याचं काय झालंय ते कागदावर दिसलं पाहिजे, कोणी तोंडी सांगून उपयोग नाही. मग नावं. काही नावांना कंस केलेला असतो, म्हणजे ती नावं फेरफाराने, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीने, कमी झालीत, आणि का कमी झाली हे त्या फेरफाराच्या नंबरात असतं, म्हणून प्रत्येक फेरफाराची नक्कल काढायची. एखाद्या नावापुढे एकुमॅ लिहिलेलं दिसेल, हे फार जणांच्या नजरेतून सुटतं. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं दिसतंय पण जमीन सगळ्या भावंडांची आहे, तो फक्त सगळ्यांच्या वतीने नोंदला गेलाय. असा माणूस एकटा येऊन सांगतो की घर माझं, सातबारा माझा, आणि सातबाऱ्यावर खरंच त्याचंच नाव असतं. तो खोटं बोलतोय असंही नाही, तीस वर्षं घरपट्टी त्यानेच भरलेली असते, कौलं त्यानेच परतलेली असतात, बाकीचे मुंबईला. पण सही त्याच्या एकट्याची चालणार नाही.

इतर अधिकारात काय लिहिलंय तेही बघा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, दुसऱ्याचा जाण्यायेण्याचा रस्ता, एखाद्या झाडावर दुसऱ्याचा हक्क. कोकणात जमीन एकाची आणि वरची झाडं दुसऱ्याची असं असू शकतं, आणि जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं हे तर बऱ्याच ठिकाणी आहे, खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करायचा त्या काळापासून चालत आलेलं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली पण तेव्हाच्या घरांच्या जागा कागदावर अजून नीट झालेल्या नाहीत अशी उदाहरणं आहेत.

इथेच एक गोंधळ मिटवून टाकतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि तलाठ्याकडचा ८अ हे दोन वेगळे कागद आहेत. ८अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावात एकूण जमीन किती. नमुना ८ म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर, असेसमेंटचा उतारा म्हणतात तो. त्यावर नाव असणं म्हणजे घराची मालकी सिद्ध झाली असं नाही, तो कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. तरी तो लागतोच, कारण घर कधीपासून उभं आहे आणि जोतं केवढं आहे याचा तो पुरावा आहे, आणि समुद्राजवळच्या घरासाठी हा पुरावा फार कामाचा ठरतो, ते पुढे सांगतो.

आता सह्या. वारसांमध्ये मुली आल्याच. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, मग २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, मुलीचा हक्क जन्मापासून. म्हणजे विरारची आत्या, कोल्हापूरची ताई, वारलेल्या बहिणीची मुलं, सगळ्यांच्या सह्या, किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र. आत्या सही द्यायला नाही म्हणत नाही बऱ्याचदा, तिला फक्त कोणी विचारलेलं नसतं, आणि परस्पर व्यवहार ठरल्याचं कानावर आलं की मग नाही म्हणते. माझं स्पष्ट मत आहे की घेणाऱ्याने स्वतः जाऊन भेटावं, फोनवर नाही. आणि तिथेच गणपतीचा विषय काढावा. ज्या घरात पिढ्यानपिढ्या भावकीचा गणपती बसतो ते घर विकताना लोकांना पैशापेक्षा हाच प्रश्न छळतो, की आता गणपती कुठे आणायचा. गणपती दुसऱ्या घरी नेणार की काही वर्षं इथेच बसवू द्यायचा हे मोकळेपणाने बोलून घ्या, खरेदीनंतर पहिल्या चतुर्थीला दारात वाद नको.

कोणी म्हणेल की सगळ्यांच्या सह्या नाही जमल्या तर एका भावाचा हिस्सा घेऊन ठेवतो, बाकीचं बघू. असं करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसाने घेतला तर त्याला त्या घरात एकत्र राहायचा हक्क मिळत नाही, त्याने वाटपाचा दावा लावायचा. आणि दावा लावला की १८९३ च्या वाटप कायद्यात घरच्यांना त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घ्यायचा हक्क आहे. म्हणजे वर्षानुवर्षं कोर्ट आणि शेवटी घर नाहीच. वाटप आधी, खरेदी नंतर.

वकिलाकडून निदान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या, पेपरात नोटीस द्या. पैसे बँकेतूनच, एनआरई, एनआरओ या परदेशस्थांच्या खात्यातून किंवा बाहेरून बँकेमार्फत, रोखीने काही नको. विकणाऱ्यांपैकी कोणी स्वतः परदेशात राहत असेल तर त्याच्या हिश्श्यावर टीडीएस कापायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे आणि एरवी ५० लाखांच्या आतल्या खरेदीला टीडीएस लागत नाही ती मर्यादा तिथे लागू होत नाही, हे सीएला आधीच विचारा. स्वतः येता येत नसेल तर मुखत्यारपत्र करता येतं, तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून, काही देशांत अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमाणित शिक्का, करूनही, पण ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, आणि त्यात फक्त याच मिळकतीचं याच कामापुरतं लिहा, सर्वसाधारण अधिकार कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत घेणं हा प्रकार तर नकोच, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्याने मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, आत्ताची २०१९ ची. विरळ वस्तीच्या गावात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र असतं, खाडीकाठाला वेगळं अंतर. तिथे सहसा नवीन घर बांधता येत नाही, पण जे अधिकृत घर आधीपासून आहे त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, अट अशी की आहे त्यापेक्षा जोतं, एफएसआय (जागेच्या मानाने बांधकाम) आणि घनता वाढता कामा नये. म्हणून समुद्रासमोरच्या पडक्या घराचं जोतं हीच खरी मिळकत असते आणि घरपट्टीचा जुना उतारा सोन्यासारखा जपायचा. अशा ठिकाणी घर पूर्ण पाडून मग परवानगीला जाणं म्हणजे हातातला पुरावाच घालवणं, आधी फोटो, मोजमापाचा नकाशा, परवानगी, मग हात लावा.

चला, घर नावावर झालं असं समजू. आता दुरुस्ती.

कोकणातलं जुनं घर मरतं ते पाण्याने. रत्नागिरी पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास आणि वरही पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, आणि घराची सगळी रचना या पावसाशी जुळवून केलेली असते. उतरतं छप्पर, खाली लांब आलेल्या वळचणी, उंच जोतं, चारी बाजूंनी पडवी म्हणजे भिंत भिजायलाच नको. पश्चिमेच्या बाजूने झड येते तिथे पूर्वी पावसाळ्यात नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. यातलं काय तुटलंय हे शोधणं म्हणजे अर्धी दुरुस्ती. म्हणून माझा आग्रह आहे की घर घ्यायच्या आधी एकदा जुलैमध्ये बघा, मे महिन्यात सगळीच घरं चांगली दिसतात. जमत नसेल तर गावातल्या कोणाला भर पावसात आतून व्हिडिओ काढायला सांगा, माळ्यावरून, कौलांच्या खालून.

छप्पर पहिलं. भिंती, वायरिंग, रंग काहीही आधी करू नका. आणि छपरात नुसती फुटकी कौलं बघायची नसतात, लाकूड बघायचं. आढं आणि वासे मधून चांगले दिसतात, सडतात ते टोकाला, जिथे वासा भिंतीवर टेकतो किंवा भिंतीत जातो. तिथे ओल साचते, वाळवी लागते, आणि बाहेरून काळसर रंगापलीकडे काही दिसत नाही. एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वाशाच्या टोकाला जोर देऊन टोचा. चांगल्या ऐनाच्या किंवा सागाच्या लाकडात तो दोन-चार मिलीमीटरही जात नाही, सडलेल्यात मुठीपर्यंत जातो आणि आतून भुसा पडतो. पण टोक सडलं म्हणून अख्खा वासा फेकायचा नाही, चांगला सुतार सडका भाग कापून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा सांधा लावतो, खुंट्या मारून, आणि तो वासा पुढे अनेक वर्षं काम देतो. असे सुतार आता कमी राहिलेत, असतील तिथे त्यांच्या तारखेप्रमाणे तुमचं काम ठरवा.

कौलं उतरवताना एकेक टिचकी मारून बघतात, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर आतून चीर गेलीय. मंगलोरी कौलं आपल्याकडे आली ती बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर, मग आणखी कारखाने झाले, आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, तो बघून त्याच छापाची कौलं पडक्या घरांतून गोळा करा, दोन छाप एकाच ओळीत मिसळले की खाचा बसत नाहीत आणि नेमकं तिथूनच गळतं. माकडांचा त्रास मात्र खरा आहे, कौलं शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून लोक कंटाळून पत्रे घालतायत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कौलंही उडाली आणि पत्रेही उडाले. छप्पर कसलंही असो, वासे भिंतीला आणि आढ्याला नीट जखडलेले हवेत, जुन्या घरात बऱ्याचदा नुसत्या वजनावर बसलेले असतात, तिथे लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट घालून घ्या, तेही गंज न लागणारे, खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही.

नवीन लाकूड लागलं तर स्वतःच्या जागेतला साग, फणस, आंबा तोडतानाही वनखात्याची परवानगी लागते का ते आधी विचारा, १९६४ चा झाडतोडीचा कायदा खाजगी जागेलाही लागू आहे, आणि वाहतुकीचा पास वेगळा. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात, होड्यांनाही तेच, ते अजूनही चांगलं, फक्त हातमोजे घालून लावा, कातडी जळते.

भिंतींबद्दल सगळ्यात जास्त चूक होते ती सिमेंटची. जांभा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण तो कायम सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि भिंतीच्या अंगातून हवेत निघून जाते. जुन्या लोकांनी चिरे मातीत किंवा चुन्यात बसवले, वर चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी चुन्याचा हात दिला, आणि या सगळ्यातून ओल बाहेर पडू शकते. आपण काय करतो, भिंतीला ओल आलीय म्हणून जाड सिमेंट प्लास्टर मारतो आणि वर ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ कोटिंग. ओल यायची थांबत नाही, फक्त तिचा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, मग ती आणखी वर चढते, आत मीठ साचतं, त्या मिठाचे खडे होताना चिऱ्याचा पृष्ठभाग फोडतात, आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टर पोकळ वाजायला लागतं. काढायला जावं तर चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच निघतं. त्यामुळे चुनाच वापरा. चुन्याचा गिलावा हवेतून हळूहळू कडक होतो, काही दिवस ओला ठेवावा लागतो, घाई केली तर तडे जातात, आणि पावसाळ्यात करायचाच नाही. ठेकेदार म्हणेल चुनेवाला गवंडी मिळत नाही, सिमेंट करून टाकू, तर थांबा, पुढच्या वर्षी करा, पण हे ऐकू नका.

त्याआधी ओल कमी करा, कारण बरीच ओल फुकटात कमी होते. डोंगर उतारावर घर असेल तर मागच्या भिंतीला वर्षानुवर्षांची माती, पालापाचोळा लागून ढीग झालेला असतो, कधीकधी जोत्याच्याही वर. तो काढायचा, मागून खोल चर खणून पाणी दोन्ही बाजूंनी पुढे वळवायचं, पागोळ्यांचं पाणी पन्हळीत घ्यायचं. पुढच्या पावसात भिंत किती सुकी राहते ते बघा आणि मगच गिलाव्याला पैसे लावा. खळ्यात, म्हणजे अंगणात, सगळीकडे पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घालायची हौस असते, त्याने जमिनीतली ओल बाहेर पडायची जागा म्हणून भिंतच उरते, निदान भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी उघडी ठेवा.

बाथरूम माजघराच्या कोपऱ्यात घुसवू नका, मागीलदारी न्हाणीच्या जागी जोडून घ्या, म्हणजे पाणी आणि पाइप मातीच्या भिंतीपासून लांब राहतात. मातीत बांधलेल्या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचार तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करूच नका, त्या भिंती छपराच्या हलक्या वजनासाठी आहेत. शोषखड्डा विहिरीपासून पंधरा-वीस मीटर तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला, जांभ्यातून पाणी फार लवकर झिरपतं आणि शेजाऱ्याची विहीरही तीच असते. वायरिंग सगळं नवीन, अर्थिंगसकट, मे-जून आणि ऑक्टोबरात विजा फार पडतात.

कामाचे दिवस दिवाळीनंतर ते मे, आणि यातही भातकापणी, शिमगा, आंब्याचा हंगाम येतो, तेव्हा माणसं मिळत नाहीत. म्हणून पहिल्या मोसमात फक्त छप्पर आणि मागचा चर, दुसऱ्या मोसमात भिंती, जमीन, बाथरूम, असंच धरून चाला. पैसे काम बघून टप्प्याटप्प्याने, आणि दर आठवड्याला ठरलेल्या त्याच चार-पाच जागांवरून व्हिडिओ मागवा, म्हणजे परदेशात बसूनही फरक दिसतो. ठेकेदाराशी लेखी करार हवा, त्यात चुना, लाकडाची जात, कौलाचा छाप हे नावानिशी लिहा.

खरेदी झाल्यावर फेरफार मंजूर होईपर्यंत मागे लागा, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. वीज मीटर आणि घरपट्टीवर नाव लावून घ्या, नाहीतर तुम्ही घर दुरुस्त करताय आणि बिल अजून जुन्या मालकाच्या नावाने येतंय.

आणि घरात राहणार कोण हे आधी ठरवा. पूर्वी चुलीचा धूर रोज वर जायचा, रिपा वासे काळे व्हायचे आणि कीड दूर राहायची, दारं रोज उघडायची, कौल सरकलं की त्याच दिवशी कळायचं. बंद घरात एक कौल सरकलं तर ऑगस्टपर्यंत वासा गेलेला असतो. गावातल्या एखाद्या कुटुंबाला ठरावीक पगारावर आठवड्यातून दोनदा दारं खिडक्या उघडायला, पावसाळ्याआधी कौलं परतायला आणि जोराचा पाऊस झाला की माळ्यावर जाऊन बघायला सांगा. घरात राहायलाच देणार असाल तर ओळखीवर न देता लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून द्या, दर वेळी मुदत संपली की नवीन, त्यांच्याही मनात शंका राहत नाही आणि तुमच्याही.